शेटे मॅडमचं झाड

शेटे मॅडमचं यंत्र चुकत होतं आणि ते मी दुरुस्त केलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक ती हीच.

लहानसहान चुका मी धरत नाही. पहिल्या वर्षाचा पेपर तिसऱ्या वर्षाला वाटला आणि पोरांनी तो हसत हसत सोडवून वर माझे आभार मानले, ती चूक झाली. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचा हार त्यांच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातला, तीही झाली. ड्रायव्हर अंगानं भरदार होता आणि पाहुणे नव्हते, त्याला मी काय करणार? पण असल्या चुकांनी कुणाचं वाटोळं होत नाही. मॅडमच्या यंत्रानं झालं. मॅडमना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. अजूनही कुणी माझ्या कामाची तारीफ केली की वाटतं, आता काय नीट केलं आपण?

डॉ. मंगल शेटे आमच्या परभणीच्या कॉलेजात वाहतूक शिकवायच्या. रस्त्याचं वळण किती असावं, बसचा थांबा वळणाच्या अलीकडे असावा की पलीकडे, समोरची गाडी माणसाला कधी दिसते आणि कधी दिसत नाही. मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. रस्त्याशी माझा संबंध खड्ड्यापुरता.

मॅडम सोनपेठच्या. माहेरी राहायच्या आणि रोज एसटीनं यायच्या. कॉलेजात पगार वाढले तशा सगळ्यांच्या दारात गाड्या आल्या, मॅडमच्या पर्समध्ये नवा पास आला. प्राचार्य म्हणाले, मॅडम, एखादी स्कूटी तरी घ्या. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. ज्याला सार्वजनिक वाहतुकीवर बोलायचं आहे, त्यानं आधी सार्वजनिक वाहनानं यावं. हे तत्त्व फार थोर होतं, फक्त त्यामुळे मॅडम कधीच वेळेवर यायच्या नाहीत. उशिरा वर्गात शिरायच्या, घाम पुसायच्या आणि फळ्यावर लिहायच्या, 'आज गाडी का उशिरा आली?' मग पोरांनी कारणं सांगायची. फाट्यावर जनावरं आडवी आली, बाजाराचा दिवस होता, टायर गेलं, कंडक्टरचं कुणाशी तरी भांडण झालं. तास संपेपर्यंत त्या एका उशिरातून मॅडम अर्धं पुस्तक शिकवायच्या. पोरं खूष, प्राचार्य नाखूष.

'अपघात' हा शब्द त्यांना चालायचा नाही. वर्गात कुणी म्हणालं की थांबवायच्या. "धडक म्हणा. अपघात म्हटलं की सगळे हात झटकून मोकळे होतात. धडकेला कारण असतं."

दुसरं एक खूळ होतं. बोरीच्या पुढं एक वळण आहे, तिथं चहाच्या हॉटेलाबाहेर बाकड्यावर त्या सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायच्या. साडीवर पिना लावून घट्ट बसवलेलं ते रस्त्यावरच्या कामगारांचं भगव्या रंगाचं चमकणारं जाकीट, डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बसून काय करायच्या? थोडक्यात वाचलेले मोजायच्या. मोटरसायकल ट्रॉलीच्या मागं येऊन ऐनवेळी वळली, नोंद. जीप करकचून थांबली, नोंद. त्यांचं म्हणणं, मेलेल्यांची नोंद पोलीस ठेवतात, थोडक्यात वाचलेल्यांची कुणी ठेवत नाही, आणि उद्याचा मेलेला त्यांच्यातलाच असतो. जाणारे-येणारे ट्रॅक्टरवाले त्यांना हात करायचे. मागून काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट मला कळली ती त्यांच्याबरोबर पहिल्यांदा एसटीत बसलो तेव्हा. दिल्लीच्या कुठल्याशा योजनेतून मॅडमना संशोधनाला पैसा मिळाला होता. वळणावर खांब उभा करायचा, त्यावर कॅमेरा. वळणापलीकडं उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी रेंगाळत असली की कॅमेऱ्यानं ती ओळखायची आणि अलीकडच्या पाटीवर दिवे लावायचे, 'पुढे संथ वाहन'. फाइलीवर याचं नाव होतं 'हुशार फलक'. हुशारीचा भाग माझ्याकडं होता. हे ऐकून माझी बायको म्हणाली होती, दुसरं कुणी मिळालं नाही वाटतं.

तर आम्ही जागा बघायला बोरीला निघालो. मी मोठ्या उत्साहात बडबडायला लागलो. मॅडम खिडकीबाहेर बघत गप्प. मी विचारलं, डबा आणलाय का? गप्प. मी म्हटलं, बाईला गर्व झालाय ग्रँटचा. झरीच्या थांब्यावर गाडी थांबली तशा माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आणलाय. दोघांपुरता आहे." गाडी हलली की परत तोंड बंद. पुढं सवय झाली. एका थांब्याला प्रश्न विचारायचा, उत्तर पुढच्या थांब्याला घ्यायचं. चालत्या गाडीत मॅडम एक शब्द बोलायच्या नाहीत. कंडक्टरनं सुट्टे मागितले तरी नुसती पर्स उघडून दाखवायच्या. कॉलेजात याच्यावर विनोद होते. चांगले चांगले विनोद माझेच होते.

आता यंत्राकडं येतो.

यंत्राला शिकवावं लागतं. हजारो चित्रं दाखवायची, ही गाय, हा ट्रक, हे झाड, हा माणूस. मी जी तयार चित्रं घेतली ती कुठल्या तरी परदेशातली होती. तिथले रस्ते काचेसारखे, गायीसुद्धा धुतलेल्या. ते शिकून आलेलं माझं यंत्र बोरीच्या वळणावर उभं राहिलं आणि भांबावलं. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेल्या बाईला त्यानं झुडूप ठरवलं. रस्त्यात बसलेल्या म्हशीला ते कार म्हणालं. हे चाललं असतं. पण हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या यायला लागल्या, आणि यंत्रानं कहर केला.

ज्यांनी भरलेली ट्रॉली मागून बघितली नाही त्यांना सांगतो. ऊस इतका भरतात की ट्रॉली उरतच नाही. चारी बाजूंनी मोळ्या बाहेर आलेल्या, मागं हिरवे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबतात, त्यात मागचे दिवे, लाल पट्ट्या, नंबर, सगळं बुडून जातं. दिवस मावळताना आमच्या पडद्यावर अशी एक ट्रॉली आली. यंत्रानं तिच्याभोवती हिरवी चौकट काढली आणि लिहिलं, 'झाड'. झाड रस्त्यात असलं तरी यंत्राला काही वावगं वाटलं नाही. पाटीचे दिवे लागले नाहीत. झाडासाठी कशाला लागतील? दुसरी ट्रॉली आली. झाड. तिसरी आली. झाड.

हॉटेलच्या मागच्या खोलीत आम्ही पडद्यासमोर उभे होतो. ट्रॅक्टरवाला नामदेव चहा प्यायला थांबला होता, त्याचीच ट्रॉली होती त्यात. वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, माझी ट्रॉली उगवली म्हणायची." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कारणं सांगायला लागलो, चित्रं परदेशी आहेत, उजेड कमी आहे, कॅमेरा स्वस्तातला आहे.

मॅडम पडद्यासमोर खाली बसल्या. जमिनीवरच.

"बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "मलाही झाडच दिसलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही, वर्गात वळणाची त्रिज्या सांगावी तसं. त्या आणि त्यांचे यजमान वालूरहून, सासरहून, मोटरसायकलवर परभणीला येत होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. दिवस मावळला होता, अंधार पडला नव्हता. मॅडमना पुढं झाड दिसलं. रस्त्याच्या मधोमध झाड कसं, हे यजमानांना विचारायला त्यांनी तोंड उघडलं. प्रश्न पुरा झाला नाही. ते जागीच गेले, मॅडम वाचल्या.

दवाखान्यात सासूबाईंनी विचारलं तेव्हा मॅडमनी खरं ते सांगितलं. मी यांना काहीतरी विचारत होते. सासूबाईंनी त्यातलं तेवढंच धरलं. पोरीनं माझ्या लेकाला बोलण्यात गुंतवलं. पोलिसांना मॅडमनी झाड सांगितलं. पंचनामा करणाऱ्यांनी येऊन बघितलं, रस्त्यात झाड नव्हतं. बाईच्या डोक्याला मार लागलाय, म्हणाले, आणि ते कागदावर घेतलंच नाही. तेव्हापासून वालूरचं दार बंद.

नामदेवनं चहाचा कप तसाच ठेवला. मला मॅडमच्या एसटीत गप्प बसण्यावरचे माझे सगळे विनोद एकदम आठवले.

मॅडम उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "याला आता हात लावू नका, सर. आहे तसं राहू द्या."

आता एखाद्या शहाण्या माणसाला यातून काय कळलं असतं? मॅडमनी सरकारकडं एकच मागणी लावून धरली होती, हे मला माहीत होतं. साखर कारखान्याकडं ऊस नेणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं, भरलेल्या उसाच्याही बाहेर, चमकणारी लाल पाटी बांधलेली पाहिजे, तसा नियम करा. सरकार म्हणत होतं, दिसत नाही याला पुरावा काय? पुरावा आमच्या पडद्यावर होता. ज्या यंत्राला काही सांगितलेलं नाही, ज्याला कुणाच्या बाजूनं बोलायचं नाही, ते म्हणत होतं झाड. आणि तो पुरावा सरकारच्या शिक्क्यानं एकदा कागदावर आला असता तर मॅडम तो घेऊन कुठं जाणार होत्या, हे सांगायला नको. दोन गोष्टी मला माहीत होत्या, त्या जोडायच्या होत्या. यंत्राला ते जमलं नसतं. मला कसं जमावं?

मला कळलं ते एवढंच की मॅडम मोठ्या मनाच्या आहेत, आणि यंत्र बघायला सरकारची समिती येणार होती, तिच्यासमोर माझी फजिती होऊ नये म्हणून हे सगळं झाकताहेत. माझा ऊर भरून आला. मी ठरवलं, या बाईला खाली बघायला लावायचं नाही.

समिती यायला थोडे दिवस होते. मी वेळ मिळेल तसा बोरीला जाऊन नामदेवच्या ट्रॉलीचे फोटो काढले, मागून, तिरके, उन्हात, सावलीत, संध्याकाळी. सुट्ट्या टाकल्या. जेवायला बसलो तरी समोर ट्रॉल्या. यंत्राला नव्यानं शिकवलं आणि एका दुपारी, मॅडम तासावर असताना, गुपचूप बोरीला जाऊन खांबावरच्या डब्यात नवी विद्या भरून आलो. मॅडमना सांगितलं नाही. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

समितीची माणसं मोटारींतून वेळेवर आली. मॅडम एसटीनं येत होत्या, म्हणजे उशिरा. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले तसं मी म्हटलं, साहेब, आपण सुरू करू. सूर्य टेकला होता. नामदेवला सांगून ठेवलंच होतं. त्याची ट्रॉली डुलत डुलत वळणावर आली आणि पडद्यावर लाल चौकट उमटली, 'उसाची ट्रॉली'. अलीकडच्या पाटीवर दिवे धडाधड लागले. समितीनं टाळ्या वाजवल्या. मी कमरेत वाकलो.

तेवढ्यात एसटी थांबली आणि मॅडम उतरल्या. भगवं जाकीट, हातात छत्री, धापा टाकत. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडं न बघता अध्यक्षांना हात जोडले आणि नामदेवला म्हणाल्या, आणखी एकदा घे. मग समितीला म्हणाल्या, आता बघा, या यंत्राला मागून काय दिसतं. त्यांच्या आवाजात एक प्रकारची गडबड होती, लग्नघरातल्या बाईसारखी. मी त्यांना तसं पहिल्यांदाच बघत होतो.

ट्रॉली आली. 'उसाची ट्रॉली'.

मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आनंद झालाय. मी पुढं होऊन हळूच म्हटलं, "केलं बघा मॅडम दुरुस्त."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडमनी समितीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. आधी हे यंत्र झाड म्हणत होतं, परवापर्यंत म्हणत होतं, तेच बघायचं आहे. अध्यक्ष सज्जन होते, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, तेव्हा यंत्र कच्चं होतं, आता पक्कं झालं. यंत्राला एवढं स्पष्ट ओळखू येतंय तर डोळे उघडे ठेवून चालवणाऱ्या माणसाला येणारच. जुनी प्रत कॉलेजच्या कॉम्प्युटरवर होती. दुसऱ्या दिवशी मी ती काढून पाठवलीसुद्धा. पण समिती दोनदा येत नसते. कागद आला त्यात लिहिलं होतं की तंत्र यशस्वी आहे, ट्रॉली मागून स्पष्ट ओळखता येते, चालकांनी सावधगिरी बाळगावी, आणि पाटीच्या नियमाची सध्या गरज दिसत नाही. यशस्वी झाल्यामुळे खांब, कॅमेरा आणि हुशार फलक उपटून मोठ्या शहराजवळच्या चौपदरी रस्त्यावर नेले. तिथं ऊस जात नाही.

पेपरात माझा फोटो आला. 'उसाची ट्रॉली ओळखणारं यंत्र, परभणीच्या प्राध्यापकाची किमया.' मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, कागदात बांधून पर्समध्ये ठेवला. तेव्हाही मला काही कळलं नाही. कळलं ते आठवड्यानं, नामदेव कॉलेजच्या गेटावर भेटला तेव्हा. त्याची बहीण वालूरला दिलेली. तो म्हणाला, मॅडमच्या सासूला, म्हातारीला, शेजाऱ्यांनी पेपर वाचून दाखवला. म्हातारी म्हणायलीय, मशीनला दिसायलंय, मग माझ्या लेकाला कसं दिसलं न्हाई?

वर नामदेव म्हणाला, "सर, लय हुशारी केली तुमी."

माणूस खड्ड्यात पडला की गप बसतो. मी खोल करतो. मी ठरवलं की वालूरला जाऊन म्हातारीला स्वतः समजावून सांगायचं. मॅडमना अर्थातच सांगितलं नाही; धक्का द्यायची खोड अजून गेली नव्हती. लॅपटॉपमध्ये जुनं यंत्र घातलं, ते संध्याकाळचे फोटो घातले आणि गाडी काढली.

म्हातारी ओट्यावर बसून तूर निवडत होती. लहानखुरी, गळ्यात लिंग, डोळ्यांना जाड चष्मा. मी नमस्कार केला, ती लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थ" म्हणाली आणि आत बघून चहा ठेवायला सांगितलं. मी मॅडमच्या कॉलेजातला आहे म्हटल्यावर हात थांबले, पण चहा नको म्हणून आत सांगितलं नाही. मला वाटलं होतं कजाग बाई असेल. समोर एक म्हातारी होती, जिचा लेक गेला होता आणि त्याचं जे एक कारण तिला सापडलं होतं ते ती सोडायला तयार नव्हती.

मी लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला. यंत्राच्या चौकटी, अक्षरं, सगळं काढून टाकलं होतं. म्हटलं, आधी नुसता फोटो दाखवू, मग समजावू. वळणाचा रस्ता, दिवस मावळलेला, पुढं नामदेवची ट्रॉली. म्हातारीनं पदर कपाळावर ओढून उजेड अडवला, चष्मा सारखा केला, पडद्याच्या पार जवळ आली.

"रस्त्यात ही बाभळ कुणी ठिवली?" ती म्हणाली.

वाचणाऱ्यानं इथं थांबावं. मी थांबलो नाही.

वीस वर्षं शिकवायची सवय. समोरच्यानं चुकीचं उत्तर दिलं की बरोबर उत्तर माझ्या तोंडातून आपोआप पडतं. मी म्हटलं, "नाही आजी, झाड नाही ते. नीट बघा, उसाची ट्रॉली आहे."

ती परत वाकली. मी बोट लावून दाखवलं, हे चाक, हा ऊस, हे वाढे. तिनं मान हलवली.

"हां. दिसायलीय की आता. तुमाला दिसली, मला म्हातारीलाबी दिसली. त्याला दिसली न्हाई, कारण त्यो बोलण्यात हुता." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. मग तुरीकडं बघतच म्हणाली, "तिला म्हणावं, यायचं तर ये. मी काय खायलेय का तिला. पण आली की ते झाडाचं काढायचं न्हाई."

गाडीत बसून किल्ली लावल्यावर माझ्या लक्षात आलं की काय घडलं होतं आणि मी काय केलं होतं. परत जाऊन काय सांगणार? की आजी, तुम्ही आधी म्हणालात तेच बरोबर होतं? ज्याला चाक दाखवलंय त्याला परत झाड दिसत नसतं.

हे मॅडमना सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गाडी कॉलेजातच ठेवली आणि त्यांच्याबरोबर सोनपेठच्या एसटीत चढलो. गाडी चालू असेतो मीच बोलत होतो. सगळं सांगितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, कापसाची रानं मागं पडत होती.

पहिला थांबा आला. त्या वळल्या.

"आधी काय म्हणाल्या त्या?"

"बाभळ."

गाडी निघाली. पुढचा थांबा आला.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, ट्रॉली आहे."

गाडी निघाली. कुणीतरी कोंबडी पोत्यात घालून आणली होती, ती मधून मधून ओरडत होती. तिसऱ्या थांब्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही शिक्षक फार चांगले आहात. पोरांची एक चूक राहू देत नसाल." याच्यात राग नव्हता. म्हणूनच ते अजून बोचतं.

सोनपेठच्या स्टँडवर उतरलो. मॅडम छत्री उघडून चालायला लागल्या आणि मग थांबल्या. "मी नुसतं झाड म्हणाले होते. त्यांनी बाभळ म्हणून ओळखलं." जरा हसल्यासारख्या झाल्या. "एकदा म्हणाल्या ना. झालं." मी परतीच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. त्या वालूरला गेल्या नाहीत, पुढंही कधी गेल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी संशोधनाचे अर्ज करणं सोडलं. परभणीतल्या पत्र्याच्या कारागिराकडून पाट्या करून घेतल्या, वर लाल चमकती पट्टी चिकटवलेली, वरच्या कोपऱ्यांना भोकं आणि त्यातून सुतळी. हंगामात सुटीच्या दिवशी कारखान्याच्या रस्त्यावर, जिथं ट्रॉल्यांची रांग लागते, तिथं जाऊन शेवटच्या मोळीला स्वतः बांधायच्या. काही ट्रॅक्टरवाले बांधू द्यायचे. काही हसायचे. बऱ्याच पाट्या पुढं गेल्यावर सुटून जायच्या. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, एका पाटीचं दार झालेलं मी बघितलं, दुसरीवर मिरच्या वाळत होत्या. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, मिरच्या तरी लांबून दिसत असतील.

मग त्या आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, लवकर दाखवलं नाही. का दाखवलं नाही हे विचारायचा धीर कुणालाच झाला नाही. हंगाम संपत आला तेव्हा मी कारखान्याकडं गेलो, म्हटलं, आज मदत करावी. नामदेवची ट्रॉली रांगेत शेवटी होती. जाकीट मॅडमच्या अंगावर आता लोंबत होतं, पिना दुप्पट लावलेल्या. बांधता बांधता त्यांना मधेच खाली बसावं लागायचं. नामदेव म्हणाला, द्या मॅडम, मी बांधतो. त्यांनी दिली नाही. टाचा उंचावून त्याच्या ट्रॉलीला दिवसातली शेवटची पाटी त्यांनीच बांधली.

मी म्हटलं, गाडी आणलीय, सोनपेठला सोडतो. नको म्हणाल्या. एसटी आली. कंडक्टरनं हात देऊन वर घेतलं, खिडकीशी बसल्या. मी धावत खिडकीपाशी गेलो आणि विचारलं, "मॅडम, नांदेडला नेऊ का दाखवायला? मोठे डॉक्टर आहेत माझ्या ओळखीचे." पण तोवर गाडी हलली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओठ घट्ट मिटलेले. उत्तर त्यांनी दिलं असेल, पण पुढच्या थांब्यावर. तिथं मी नव्हतो.

त्यानंतर मॅडम दिसल्या नाहीत.

एसटीची धूळ बसेपर्यंत मी रस्त्यात उभा राहिलो. मग उगाच काहीतरी करायचं म्हणून ट्रॉलीकडं वळलो. मॅडमनी बांधलेली पाटी एका अंगाला कलली होती, एक सुतळी तोकडी, दुसरी लांब. दिवस मावळायला आला होता आणि त्या उजेडात ती तशीच वाकडी, लाल चमकत होती. माझा हात आपोआप वर गेला, गाठीला लागला.

मागून नामदेव म्हणाला, "सर, हात काढा तिथून. तुमी नीट केलं की कामातून जातंय."